डक्टला घाम का सुटतो: पार्ल्यातल्या घराच्या एसी डक्टच्या नोंदी

6 एप्रिल 2025

आईच्या खोलीत छतावर पुन्हा डाग आलाय. हा तिसऱ्यांदा. पहिल्यांदा आला तेव्हा आम्ही म्हटलं गच्ची गळतेय, आमचा वरचा मजला, सोसायटीने वॉटरप्रूफिंग करून घेतलं, आम्ही पीओपीवर रंग मारला, दोन महिन्यांत डाग परत. पण आत्ता एप्रिल आहे, पाऊस पडून सहा महिने झाले, मग हे पाणी गच्चीतून येईलच कसं? हा साधा प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

डाग नेमका फॉल्स सीलिंगमधून एसीची थंड हवा नेणारा पत्र्याचा डक्ट जातो त्याच रेषेत आहे. आमच्याकडे तीन टनाची डक्टेबल मशीन आहे, आधीच्या मालकांनी बसवलेली, हॉल आणि आईची खोली एकाच डक्टवर. डागाच्या कडेला आता काळे ठिपके दिसायला लागलेत, ते बुरशीचे आहेत, आणि आईला दमा आहे. म्हणून हे काम आता रंग मारून पुढे ढकलायचं नाही असं ठरवलंय आणि रोज जे होईल ते इथे लिहून ठेवणार आहे.

मागच्या महिन्यात सर्व्हिसवाला येऊन गेला होता, गॅस कमी आहे म्हणाला, गॅस भरून पैसे घेऊन गेला, छत उघडून बघितलं सुद्धा नाही.

13 एप्रिल

रविवार. ट्रॅप डोअर उघडून अर्धा आत शिरलो, तोंडाला मास्क, हातात टॉर्च. पहिला आला तो वास, ओल्या गोणपाटासारखा. डक्टवर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, गुंडाळलेलं आहे, वरून चंदेरी फॉइल. खालच्या बाजूने ते ग्लासवूल पोटासारखं सुटून लोंबत होतं. स्क्रू ड्रायव्हरने फॉइलला एक टोचा मारला तर पाण्याची धार मनगटावरून थेट कोपरापर्यंत आली, थंडगार. एवढं पाणी त्या कापसात भरून राहिलंय आणि खाली आई झोपते.

नंतर टॉर्च बंद केला तर समोरच्या भिंतीत उजेड दिसला! तांब्याचे पाईप आउटडोअरकडे जातात तिथे भिंतीला चांगलं वाटीएवढं भोक पाडून ठेवलंय आणि ते कुणी बुजवलंच नाही. त्यात भर म्हणजे आमच्या मशीनला रिटर्नचा वेगळा डक्ट नाही, खोलीतली हवा सीलिंगच्या पोकळीतूनच मशीन ओढून घेते. म्हणजे मशीन चालू झाली की पोकळीतली हवा ओढली जाते आणि त्या भोकातून बाहेरची दमट हवा आत येत राहते, दिवसभर. ग्लासवूलची फॉइल जिथे जिथे फाटलीय तिथे ती हवा थंड पत्र्याला जाऊन लागते.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला छोटा ह्युमिडिटी मीटर भोकाजवळ ठेवला. 32 डिग्री, 72 टक्के. याचा दवबिंदू साधारण 26 डिग्री येतो. म्हणजे 26 पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर या हवेतलं पाणी जमणार. आणि डक्टच्या उघड्या फ्लँजचं, म्हणजे दोन तुकडे जोडणाऱ्या कडेचं, तापमान? 17. तब्बल नऊ डिग्री खाली.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चकचकीत पत्र्यावर किंवा फॉइलवर तो चुकीचं दाखवतो, कारण पत्र्याचं स्वतःचं तापमान सोडून आजूबाजूचं परावर्तित झालेलं तो वाचतो. मला आधी 29 दाखवत होता आणि मी निश्चिंत होणार होतो. काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा पत्र्यावर चिकटवला, पाच मिनिटं थांबलो, टेपवर नेम धरला, मग 17 दिसलं.

खाली उतरलो तेव्हा आईने कोकम सरबत दिलं, स्टीलच्या पेल्यात, बर्फ घालून. पेला बाहेरून दोन मिनिटांत ओला. पेल्यातून काही गळत नसतं, ते पाणी खोलीतल्या हवेचंच असतं. आमच्या छतावर दोन वर्षं हेच चाललंय आणि आम्ही गळती शोधत बसलो होतो.

19 एप्रिल

चांगला मिस्त्री मिळणं हे अर्धं काम. दोघांनी येऊन वरूनच अजून एक फॉइलचा थर गुंडाळून देतो म्हटलं, म्हणजे ओल्या कापसावर कोरडं जाकीट. नको म्हटलं. मग शेजारच्या काकूंनी त्यांच्या ओळखीतले एक डक्टवाले काका पाठवले. वय त्रेसष्ट, गाव मालवणजवळ, आईचं माहेर देवगडचं, त्यामुळे पाच मिनिटांत दोघांचं मालवणीत सुरू झालं आणि मी बाजूलाच राहिलो.

काकांनी शिडीवरून आत डोकं घातलं, हात फिरवला, बोटांचा वास घेतला आणि खाली न बघताच म्हणाले, “वैनी, हवा थंड पत्र्याक लागली काय घाम येतलोच. पयली तोंडां बंद करूक व्हयी, मगे कपडे घालूचे.” तोंडं म्हणजे डक्टचे जॉइंट आणि ते भिंतीतलं भोक. कपडे म्हणजे इन्सुलेशन. मी तेव्हाच ठरवलं की काम हेच करणार.

चहा घेताना कळलं की काका विशीत परळच्या एका गिरणीत ह्युमिडिफिकेशन प्लांटवर हेल्पर होते. सूत कोरड्या हवेत तुटतं, म्हणून गिरणीत हवा मुद्दाम ओली करून मोठमोठ्या डक्टमधून खात्यात सोडायचे. 1982 च्या संपात गिरणी सुटली आणि काका एसीच्या डक्टकडे वळले. म्हणाले, तिथे हवा ओली करायचो, इथे कोरडी करतो, पत्रा तोच.

रात्री वाचत बसलो. एअर कंडिशनिंग हा शब्दच मुळात कापड गिरणीतून आलाय हे मला माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातले स्टुअर्ट क्रेमर हे गिरण्यांचं काम करणारे इंजिनिअर, त्यांनी 1906 साली तो वापरला, सुतासाठी हवेतला ओलावा राखण्याच्या कामाला. आणि त्याआधी 1902 मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली तीही माणसांना गार वाटावं म्हणून नाहीच, दमट हवेत कागद फुगून रंग जागेवर बसत नव्हते म्हणून. थंड पाणी फिरणाऱ्या नळ्यांवरून हवा न्यायची, हवेतलं पाणी त्या नळ्यांवर जमा होऊ द्यायचं. त्यांनी त्या नळ्यांच्या कॉइलवर जे मुद्दाम घडवून आणलं तेच आमच्याकडे डक्टच्या बाहेरच्या अंगाला होतंय.

22 एप्रिल

ताई न्यू जर्सीला असते, तिच्याशी बोललो. तिच्याकडे तळघरात फर्नेस आहे, हिवाळ्यात त्याच डक्टमधून गरम हवा घरभर जाते आणि उन्हाळ्यात त्याच डक्टमधून एसीची. तिच्याकडे काळजी उष्णतेची जास्त. बाहेर बर्फ आणि डक्ट माळ्यावरून जात असेल तर गरम हवा खोलीत पोचेपर्यंत कोमट होऊन जाते, म्हणून तिकडच्या नियमात माळ्यावरच्या डक्टला आर-8 इतकं जाड इन्सुलेशन लागतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तितकं चांगलं). हिशेब केला तर काकांनी सांगितलेलं 19 मिलिमीटरचं नायट्राईल रबर, म्हणजे ग्लासवूलऐवजी डक्टला लावायचा रबरी फोम, जेमतेम आर-3 भरतं. ऐकून आधी घाबरलो, पण आपल्याकडे डक्टच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेत फरक पंधरा-वीस डिग्रीचाच असतो, तिच्याकडे जानेवारीत तो पन्नासच्या वर जातो. आपली लढाई वाफेशी आहे. इन्सुलेशन कितीही जाड घाला, वाफ आत पत्र्यापर्यंत पोचली की ते भिजणार, आणि भिजलं की संपलं. इन्सुलेशन काम करतं ते त्यात कोंडलेल्या हवेमुळे, आणि स्थिर हवेपेक्षा पाणी वीस-पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओलं ग्लासवूल असून नसल्यासारखंच, वर बुरशीचं घर.

ताईने अजून एक कामाचं सांगितलं. कापडी डक्ट टेप, नावात डक्ट असूनही, डक्टच्या जॉइंटवर टिकत नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 1998 मध्ये वेगवेगळी सीलंट उष्णतेत ठेवून तपासली होती, त्यात कापडी टेपच सगळ्यात आधी सुटली. जॉइंटला मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा दाट लेप, लावायचं, ते लवचिक राहतं आणि पत्र्याला धरून बसतं.

26 एप्रिल

सामान आणलं. नागदेवी स्ट्रीट, सकाळी अकरा. पार्ल्याहून हार्बरची सीएसएमटी पकडली की थेट मशीदला उतरता येतं, गाडी बदलायची भानगड नाही. दुकानदाराने आधी स्वस्तातला एक्सएलपीई फोम दाखवला, मग 9 मिलिमीटरचं नायट्राईल, मग 13. काकांनी बजावलं होतं, 19 च्या खाली घ्यायचं नाही आणि प्लेनमला, म्हणजे मशीनच्या तोंडाशी असलेल्या डक्टच्या पेटीला, आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या तुकड्याला 25.

नायट्राईल का, तर ते बंद पेशींचं असतं. कापलेली कड नखाने दाबून बघितली तर स्पंजसारखी आत जाते पण पाणी शोषत नाही, तुकडा पाण्यात बुडवून काढला तर झटकल्यावर कोरडा. ग्लासवूलचं सगळं अवलंबून असतं ते वरच्या फॉइलवर, फॉइलला एक चीर पडली की खेळ खलास. नायट्राईलमध्ये चीर पडली तरी नुकसान तेवढ्यापुरतं राहतं. क्लास ओ आहे का हे रोलवर छापलेलं बघून घेतलं, म्हणजे आग पसरू न देणारं. घराच्या छतात काय घालतोय ते बघायलाच हवं.

माप असं काढलं: मेन डक्ट 450 बाय 300 मिलिमीटर, लांबी नऊ मीटर, म्हणजे साडेतेरा चौरस मीटर. फांद्या 300 बाय 250 च्या, आठ मीटर, म्हणजे नऊच्या जवळ. प्लेनम अडीच-तीन. एकूण पंचवीस, वाया जाणारं धरून एकोणतीस घेतलं. सोबत फेविकॉल एसआर 998, मॅस्टिकचे दोन डबे, नायट्राईलची चिकटपट्टी, लाकडी सॅडल म्हणजे डक्टखाली टेकू द्यायचे ठोकळे. रोल वजनाला हलके पण आकाराने अवाढव्य, तीन रोल घेऊन परतताना लगेजच्या डब्यात मासळीच्या टोपल्यांच्या मध्ये उभा राहिलो, दोन मावशींनी सरकून जागा दिली आणि हे काय गाद्या का म्हणून विचारलं.

1 मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, उद्याची रजा टाकलीय, म्हणजे चार दिवस सलग. आईला काल रात्रीच मावशीकडे ठाण्याला सोडून आलो, कारण आज जे उडणार होतं ते तिच्या छातीत जायला नको होतं.

आज फक्त काढायचं काम. खोलीतलं सगळं प्लास्टिकने झाकलं, मशीन बंद, एमसीबी खाली, पूर्ण बाह्यांचे शर्ट, हातमोजे, चष्मे. ग्लासवूल कोरडं असताना टोचतं आणि ओलं असताना दुर्गंध मारतं, आमच्याकडे दोन्ही होतं. कापून थेट पिशवीत, पिशवी लगेच बांधायची, ओढत न्यायची नाही. अकरा मोठ्या पिशव्या भरल्या. एक पिशवी उचलताना खालून पाणी टपकत होतं.

पत्रा उघडा पडल्यावर दिसलं की जिथे ग्लासवूल भिजलेलं होतं तिथे जस्ताचा थर पांढरा पडलाय आणि दोन ठिकाणी तांबेरा सुरू झालाय. आरपार भोक नाही, नशीब. काकांनी साबणाच्या पाण्याने पुसून, सुकवून, जस्ताचा प्रायमर मारला. आतून डक्ट ब्रश आणि व्हॅक्यूमने साफ केला. कुठलंही वासाचं केमिकल आत फवारायला मी नाही म्हटलं, कारण ते शेवटी आईच्या श्वासात जाणार.

2 मे

तोंडं बंद करायचा दिवस. माझ्या मते सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच आणि सगळ्यात कमी दिसणारा.

फक्त ब्लोअर चालू ठेवला, कूलिंग बंद, पंखे बंद. काकांनी देव्हाऱ्यातली उदबत्ती मागून घेतली आणि प्रत्येक जॉइंटच्या कडेने हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जात असेल तर जॉइंट ठीक, धूर फटकन बाजूला उडाला तर हवा बाहेर येतेय. पहिल्या मेन फ्लँजपाशीच धूर असा उडाला की उदबत्तीचं टोक लाल झालं. खडूने गोल. चौदा जॉइंटपैकी नऊ ठिकाणी खडूचे गोल झाले. फ्लँजमधलं गॅस्केट एका ठिकाणी अर्धंच लावलेलं होतं, कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. थंड हवा आम्ही दोन वर्षं पोकळीत सोडत होतो आणि हॉल का गार होत नाही म्हणून सेटिंग 18 वर नेत होतो.

कॅनव्हास, म्हणजे मशीन आणि डक्ट यांच्यामधला कापडी जोड, मशीनचा थरथराट डक्टमध्ये जाऊ नये म्हणून असतो, तो एका कडेला उसवला होता. नवा लावला. फ्लँज आवळले, नवीन गॅस्केट, वरून ब्रशने मॅस्टिक, दोन मिलिमीटरचा थर, बोल्टच्या डोक्यांवर पण. दुपारी जेवायला पिठलं-भात, काकांनी मॅस्टिकचे हात रॉकेलने पुसून घेतले तरी वास काही गेला नाही. रात्री परत उदबत्ती. एक जॉइंट अजून गळत होता, त्याला दुसरा हात दिला.

3 आणि 4 मे

कपडे घालायचं काम. हे मी काकांच्या हाताखाली केलं, कापायचं माझ्याकडे होतं म्हणून नीट लिहितोय.

450 बाय 300 च्या डक्टला वरची आणि खालची पट्टी 450 ची. पण बाजूच्या पट्ट्या 300 च्या कापायच्या नाहीत, वरच्या-खालच्या थरांची जाडी त्यात धरायची, 300 अधिक 19 अधिक 19, म्हणजे 338. काका 340 कापायला सांगायचे. ते दोन मिलिमीटर जास्तीचे असल्यामुळे पट्टी बसवताना किंचित दाबून बसते आणि कडेला कड घट्ट भिडते. ओढून, ताणून बसवलेली पट्टी महिन्याभरात आकसते आणि कोपऱ्यात केसाएवढी फट पडते, वाफेला तेवढी पुरते. मी पहिली पट्टी बरोबर 338 ची कापली होती, काकांनी ती कोपऱ्यावर धरून दाखवली, फटीत त्यांचं नख गेलं. परत कापली.

गोंद दोन्हीकडे लावायचा, पत्र्यावर आणि रबरावर, आणि लगेच चिकटवायचं नाही. बोटाच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघायचं, चिकट लागतं पण बोटाला येत नाही, तेव्हाच दाबायचं. ओल्या गोंदावर दाबलं तर त्याची वाफ आत कोंडते आणि फुगे येतात. कड ते कड सुद्धा गोंद, हे बरेच जण गाळतात. वरून जोडावर चिकटपट्टी. हा गोंद पेट घेणारा आहे, खिडक्या सताड उघड्या, देव्हाऱ्यातला दिवा त्या दोन दिवसांत लावला नाही, आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली मी इथे लावते तुमच्या नावाने.

सगळ्यात वेळ गेला तो हँगरवर. डक्ट लोखंडी अँगलवर टेकलेला असतो आणि अँगल थ्रेडेड रॉडने स्लॅबला लटकलेला. पत्रा थेट अँगलला टेकला की अँगल पण थंड पडतो आणि त्याला घाम येतो, मग तुम्ही डक्ट कितीही गुंडाळा. म्हणून प्रत्येक ठिकाणी डक्ट किंचित उचलून मध्ये लाकडी सॅडल घातलं आणि रबर त्या सॅडलला भिडवलं. सात हँगर, प्रत्येकी पाऊण तास. त्यात एक रॉड इतका गंजला होता की नट फिरवताना तुटला, नवा ठोकावा लागला.

शेवटी भिंतीतलं भोक. पाईपांभोवती रबर, मग फोम, बाहेरून सिमेंट. काका म्हणाले, हे भोक बंद केलं नसतं तर बाकी सगळं काम चार महिन्यांचं पाहुणं.

11 मे

आई परत आली. मशीन आठवडाभर चालू आहे. पोकळीत 28 डिग्री, 60 टक्के, म्हणजे दवबिंदू 20 च्या जरा खाली. रबराचा बाहेरचा पृष्ठभाग 25. पाच डिग्रीची फुरसत आहे. हॉल 24 च्या सेटिंगवर गार होतोय, आधी 18 वर होत नव्हता. 2020 पासून स्टार लेबलवाले नवे रूम एसी कंपनीतूनच 24 वर सेट करून येतात, त्याचं कारण वीज बचत, पण आमच्यासारख्यांना एक फायदा अजून, हवा फार थंड सोडली नाही की ग्रिलला आणि डिफ्युझरला, म्हणजे छतातून हवा खोलीत सोडणाऱ्या जाळीला, घामही कमी येतो.

ड्रेनचं, म्हणजे मशीनमधलं पाणी बाहेर नेणाऱ्या ट्रे आणि पाईपचं, काम राहिलंय, पुढच्या आठवड्यात. 25 मिलिमीटरचं रबर कमी पडलं म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचा दीड मीटर अजून उघडाच आहे, तो जूनच्या पहिल्या आठवड्यात करू, पाऊस काय 11 जूनच्या आधी येत नाही.

26 मे

आला! मान्सून आज मुंबईत, सोळा दिवस आधी. कुलाब्याला तर मे महिन्यातल्या पावसाचा 1918 पासूनचा विक्रम मोडला म्हणे. ऑफिसमधून घरी यायला तीन तास लागले, आणि पूर्ण वेळ डोक्यात तो उघडा दीड मीटर.

आल्या आल्या शिडी लावली. उघड्या तुकड्यावर थेंब होतेच, खाली मी टॉवेल घालून ठेवला होता तो ओला. बाकी डक्ट, हात फिरवून बघितला, कोरडा. पोकळीत 26 आणि 66 टक्के, बाहेर हवा पाण्याने भरलेली असताना. भोक बंद केल्याचा हा परिणाम.

पण रात्री हॉलच्या दुसऱ्या डिफ्युझरच्या कडेने टपटप. डिफ्युझरची मान जिथे पीओपीतून खाली येते तिथे चार बोटं पत्रा उघडाच राहिला होता, आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटला. त्यात सगळे भिजून आलेले, रेनकोट सुकवायला बाल्कनीचं दार सताड उघडं, ती हवा थेट थंड मानेवर. दार लावलं, अर्ध्या तासात थेंब थांबले.

31 मे

काका आले, कमी पडलेलं 25 चं रबर उरलेल्या दीड मीटरला, आणि चारही डिफ्युझरच्या मानांना आतून पट्टी.

सोबत ड्रेन. ट्रे काढला तर तळाला जेलीसारखा चिकट गाळ, पाईपच्या तोंडाशी गोळा होऊन बसलेला. धुतला. पाईपला यू ट्रॅप, म्हणजे पाणी साठून हवा अडवणारं यू आकाराचं वळण, नव्हताच. मशीनच्या आत ब्लोअर हवा ओढत असतो, ट्रॅप नसेल तर तो पाईपमधून पण हवा ओढतो आणि ट्रेमधलं पाणी खाली जायच्या ऐवजी अडून राहतं, ब्लोअर बंद झाला की एकदम वाहतं. म्हणून एसी बंद केल्यावर कधी कधी बदाबदा पाणी यायचं. ट्रॅप लावला, पाईपला मीटरमागे एक सेंटीमीटर उतार दिला, आणि पहिल्या दोन मीटरला रबर, कारण त्यातून जाणारं पाणी पण थंडच असतं.

20 जुलै

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुतोय, साध्या पाण्याने, सावलीत वाळवून. फिल्टर चोंदला की हवा कमी जाते, कॉइल जास्त थंड पडते, डक्टमधली हवा पण, आणि सगळा हिशेब परत दवबिंदूच्या जवळ सरकतो. कॅलेंडरवर 1 आणि 15 ला आईने लाल गोल करून ठेवलेत, मी विसरलो तरी ती विसरत नाही.

एका कोपऱ्यात चिकटपट्टीचं टोक सुटलं होतं, पुसून, परत गोंद लावून दाबलं.

19 ऑगस्ट

चार दिवस धो धो. शाळा बंद, गाड्या बंद. मी घरीच, दिवसातून तीनदा शिडी. सगळीकडे कोरडं. आईच्या खोलीतला डाग तसाच आहे, पण त्याची कड पेन्सिलने आखून ठेवली होती मे महिन्यात, तिच्या बाहेर एक मिलिमीटर सरकलेला नाही. आईचा रात्रीचा खोकला कमी झालाय, पंप लागतोच पण मध्यरात्री उठून नाही. हे डक्टमुळेच असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनी औषधही बदललंय.

27 ऑगस्ट

गणपती बसले. सकाळपासून दार उघडं, माणसांची ये-जा, वीस-पंचवीस माणसं हॉलमध्ये, त्यामुळे डिफ्युझरच्या पात्यांवर बारीक दव आलं. सेटिंग 26 वर नेलं, ब्लोअर फुल ठेवला, गेलं.

काका आले दुपारी, सोबत नातू. आरती झाली, उकडीचे मोदक झाले. मग काका आईला म्हणाले, “वैनी, जरा वर बघतंय हां,” आणि सणाच्या कपड्यांतच शिडीवर. बराच वेळ हात फिरवत होते. खाली आले ते टॉर्च मागायला, तिसऱ्या हँगरचं सॅडल अर्धा इंच सरकलंय म्हणाले. मी खालून टॉर्च धरला, नातवाने शिडी धरली, काकांनी डक्ट खांद्याने उचलून सॅडल जागेवर ठोकलं आणि कडेला रबराची एक पट्टी अजून दाबून बसवली.

डागावर रंग ऑक्टोबरमध्ये मारायचा ठरलाय, पीओपी पूर्ण वाळल्यावर.